लडाखचा मोटारप्रवास : दिवसांचे आणि उंचीचे गणित

पर्यटन म्हणजे केवळ मनोरंजन नव्हे, ही जाणीव आपल्या समाजात हळूहळू रुजत आहे. आपल्या देशाची विविध भूरूपे, तेथील वनस्पती व प्राणिजीवन आणि त्या परिस्थितीशी जुळवून घेऊन जगणारी माणसे यांचा परिचय करून घेण्याचे प्रवास हे एक प्रभावी साधन आहे. स्वतःच्या मोटारीने सहकुटुंब दूरच्या प्रदेशात जाणाऱ्या प्रवाशांची संख्या महाराष्ट्रात वाढत आहे आणि त्यांपैकी अनेकांच्या मनात लडाखचे नाव अग्रभागी असते. परंतु सह्याद्रीतील घाटांचा अनुभव लडाखच्या प्रवासाला पुरेसा ठरत नाही. तेथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. ते दिवसांत आणि उंचीत मोजावे लागते. हे गणित चुकले तर किंमत प्रवाशाला स्वतःच्या प्रकृतीने मोजावी लागते आणि तेथील नाजूक निसर्गालाही ती मोजावी लागते.

प्रदेशाची ओळख

हिमालयाच्या मुख्य रांगेपलीकडे वसलेला लडाख हा थंड वाळवंटी प्रदेश आहे. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून तो स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश झाला. मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिण उतारावरच आपले बहुतेक पाणी टाकून देतात. त्यामुळे लेह येथे वर्षभरात सरासरी सुमारे १०० मिलिमीटर एवढाच पाऊस व हिम पडते. महाबळेश्वरला पावसाळ्यातील एखाद्याच दिवशी याहून अधिक पाऊस पडून जातो. लडाखमधील शेती आकाशातील पावसावर नव्हे, तर डोंगरावरील बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर पिकते. उघड्या, तपकिरी डोंगरांच्या पायथ्याशी जव, गहू, वाटाणा आणि जर्दाळू यांचे हिरवे पट्टे दिसतात, ते या पाण्याच्या काटेकोर वाटपामुळेच.

हा प्रदेश पर्यटकांना १९७४ मध्ये खुला झाला. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या २,७४,२८९ होती. २०२२ या एका वर्षात मात्र पाच लाखांहून अधिक पर्यटक तेथे गेले. यजमानांच्या जवळजवळ दुप्पट पाहुणे दरवर्षी येणार असतील, तर पाहुण्यांच्या वागण्याला किती महत्त्व येते हे वेगळे सांगावयास नको.

उंचीचा परिणाम

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो व प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला मिळणारा प्राणवायूही कमी होतो. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे; तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश असतो. खारदुंग ला या ५,३५९ मीटर उंचीच्या खिंडीत तो निम्म्याहून थोडाच अधिक उरतो. (‘ला’ म्हणजे खिंड आणि ‘त्सो’ म्हणजे सरोवर, एवढे दोन शब्द ध्यानात ठेवले की लडाखचा नकाशा वाचणे सोपे जाते.)

मानवी शरीर या बदलाशी जुळवून घेऊ शकते. मात्र त्यासाठी त्याला अवधी द्यावा लागतो. अवधी न दिल्यास डोकेदुखी, मळमळ, अन्नावरील वासना उडणे, थकवा, झोप न लागणे ही लक्षणे दिसू लागतात. याकडे दुर्लक्ष करून आणखी वर गेल्यास फुप्फुसांत पाणी साठणे किंवा मेंदूला सूज येणे असे प्राणघातक विकार उद्भवतात. स्वस्थ बसले असतानाही धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णाला ताबडतोब खाली नेणे हाच खरा उपाय आहे. प्राणवायूची नळकांडी व औषधे यांचे साहाय्य होते. परंतु ती खाली उतरण्याला पर्याय नव्हेत.

तरुण व व्यायामपटू माणसांना हा त्रास होत नाही, ही समजूत चुकीची आहे. शारीरिक क्षमतेचा आणि उंची मानवण्याचा थेट संबंध नाही. उलट सशक्त माणूस घाई अधिक करतो आणि म्हणून संकटात सापडतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा सर्वसाधारण नियम वैद्यकशास्त्र सांगते. यात ‘मुक्कामाची उंची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दिवसा उंच खिंड ओलांडून रात्री खाली झोपणे शरीराला सोसते. एकदम उंचावर झोपणे सोसत नाही. हृदयविकार, फुप्फुसाचे विकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्या व्यक्तींनी आणि गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा प्रवास योजू नये. उंचीच्या त्रासावरील प्रतिबंधक औषधही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

जाण्याचा मार्ग आणि येण्याचा मार्ग

लेहला मोटारीने पोहोचण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत : एक श्रीनगरहून व दुसरा मनालीहून. दोहोंची लांबी सव्वाचारशे ते साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. नकाशावर पाहता दोन्ही सारखेच वाटतात. शरीराच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठा फरक आहे.

श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे. तेथून सोनमर्गमार्गे ३,५२८ मीटर उंचीचा झोजी ला ओलांडून रस्ता द्रासला येतो आणि २,६७६ मीटरवरील कारगिलला खाली उतरतो. पुढे नमिका ला व ४,१०८ मीटरचा फोटू ला या दोन खिंडी लागतात. परंतु त्या ओलांडून आल्ची येथे मुक्काम केल्यास झोपण्याची उंची सुमारे ३,१०० मीटरच राहते. दुसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने लेह गाठता येते. अशा प्रकारे चढ पायरीपायरीने होतो.

मनालीचा मार्ग याच्या उलट आहे. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंड टाळून लाहौल खोऱ्यात जाणे सुलभ झाले. तथापि पुढे बारालाचा ला ही सुमारे ४,९०० मीटरची खिंड, सुमारे ४,३०० मीटरवरील सरचू, त्याहून उंच पांग आणि ५,३०० मीटरच्या वर असलेला तांगलांग ला असा क्रम लागतो. मनालीहून निघून पहिल्याच रात्री सरचूला झोपणारा प्रवासी एका दिवसात दोन हजार मीटरहून अधिक चढलेला असतो. म्हणून मोटारीने जाणाऱ्यांनी श्रीनगरमार्गे जावे आणि शरीर उंचीला सरावल्यावर मनालीमार्गे परतावे, हे श्रेयस्कर.

ऋतू आणि रजा

झोजी ला व बारालाचा ला या खिंडी हिवाळ्यात हिमाने बंद होतात. साफसफाई करून रस्ते केव्हा खुले होतील हे त्या वर्षीच्या हिमवृष्टीवर अवलंबून असते. मनालीचा रस्ता सामान्यतः श्रीनगरच्या रस्त्यानंतर खुला होतो. जून ते सप्टेंबर हा सर्वांत भरवशाचा काळ समजला जातो. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचल प्रदेशात मोसमी पावसाने दरडी कोसळतात आणि त्याच सुमारास अमरनाथ यात्रेमुळे श्रीनगर-सोनमर्ग मार्गावर मोठी गर्दी असते. लडाखमध्येही अतिवृष्टी अशक्य नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर झालेल्या ढगफुटीने मोठी प्राणहानी झाली होती.

शिक्षकवर्गाच्या दृष्टीने दिवाळीची सुट्टी या प्रवासाला निरुपयोगी आहे. कारण तोवर थंडी तीव्र झालेली असते व खिंडी केव्हाही बंद होऊ शकतात. उन्हाळी सुट्टीचा उपयोग करावयाचा तर मेच्या मध्यावर निघून जूनच्या मध्यापर्यंत परतावे. वरच्या भागात तेव्हा रात्री पाणी गोठते; मात्र सरोवरांवर पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू झालेला असतो. ज्यांना अर्जित रजा घेणे शक्य आहे अशा कर्मचाऱ्यांसाठी सप्टेंबर हा महिना उत्तम. आकाश निरभ्र, पिके कापणीला आलेली आणि नाल्यांचे पाणी ओसरलेले असते.

चार आठवड्यांची आखणी

नाशिकहून निघणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. इंदूर, ग्वाल्हेर व अंबाला येथे मुक्काम करीत चौथ्या दिवशी जम्मू आणि पाचव्या दिवशी श्रीनगर गाठता येते. सहावा दिवस श्रीनगरला विश्रांतीचा. सातव्या दिवशी कारगिल, आठव्या दिवशी आल्ची, नवव्या दिवशी लेह. दहावा व अकरावा असे दोन पूर्ण दिवस लेहमध्ये काही न करता काढावेत. भरपूर पाणी प्यावे, हलका आहार घ्यावा, मद्य व झोपेची औषधे टाळावीत. ‘एवढ्या लांब येऊन दोन दिवस वाया’ असे वाटण्याचा मोह होतो. वस्तुतः पुढचा सर्व प्रवास या दोन दिवसांवर उभा असतो.

बाराव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोरे पाहावे. खिंड उंच असली तरी हुंदर येथील मुक्काम सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही खाली होतो. खिंडीत पंधरा-वीस मिनिटांहून अधिक रेंगाळू नये. लेहला एक रात्र काढून पंधराव्या दिवशी सिंधूच्या काठाने चुमाथांग, सोळाव्या व सतराव्या दिवशी त्सो मोरीरीच्या काठचे कोरझोक आणि अठराव्या दिवशी त्सो कर असा क्रम ठेवावा. चुमाथांगचा मुक्काम सुमारे चार हजार मीटरवर असल्याने साडेचार हजार मीटरवरील कोरझोकला जाण्यापूर्वी शरीराला एक पायरी मिळते. त्सो करहून रस्ता थेट मनाली मार्गाला मिळतो. एकोणिसाव्या दिवशी पहाटे निघून बारालाचा ला ओलांडावा व लाहौलमध्ये केलाँग किंवा जिस्पा येथे मुक्काम करावा. एक दिवस तेथे विसावा घेऊन परतीला पाच-सहा दिवस लागतात. उरलेले दोन-तीन दिवस राखीव ठेवावेत. दरड, हिमवृष्टी, वाहनातील बिघाड किंवा एखाद्याचे आजारपण यांसाठी राखीव दिवस नसलेली योजना ही योजनाच नव्हे.

या आखणीत पँगाँग सरोवराचा समावेश नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. सर्व प्रसिद्ध स्थळे एकाच फेरीत पाहण्याचा अट्टहास केल्यास मुक्काम रोज बदलतो, सगळा वेळ चाकावर जातो आणि निसर्ग काचेतूनच दिसतो. त्यापेक्षा एका सरोवरावर दोन रात्री राहणे अधिक फलदायी ठरते. ज्यांच्यापाशी दोनच आठवडे आहेत त्यांनी रेल्वेने जम्मूपर्यंत जाऊन पुढे स्थानिक वाहन ठरवावे. परंतु चढण्याचा क्रम व लेहमधील दोन दिवस यांत काटछाट करू नये.

वाहन, इंधन आणि रस्त्याचे नियम

विरळ हवेचा परिणाम इंजिनावरही होतो. साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी घटते. म्हणून वाहन काठोकाठ भरू नये. पाच आसनांच्या मोटारीत चौघेच बसावेत. निघण्यापूर्वी ब्रेक, क्लच, बॅटरी, शीतक द्रव आणि स्टेपनीसह पाचही टायर तपासून घ्यावेत. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास तो तापून निकामी होतो. ज्या गियरमध्ये चढ चढावा त्याच गियरमध्ये उतरावे, हा घाटातील जुना नियम येथे अधिकच कसोशीने पाळावा. चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी आणि लष्करी ताफ्यांना अडथळा करू नये. किमान दोघांना वाहन चालविता येणे आवश्यक आहे, कारण उंचीवर चालकाची निर्णयशक्तीही मंदावते. रात्रीचा प्रवास पूर्णपणे टाळावा.

लेहजवळील कारू सोडल्यानंतर सरोवरांमार्गे लाहौलमधील टांडीपर्यंतच्या पाचशेहून अधिक किलोमीटरमध्ये इंधन मिळेलच असे धरून चालू नये. टाकी भरून व राखीव साठ्याची सोय करूनच निघावे. रस्त्यावरून वाहणारे नाले बर्फ वितळून येतात. सकाळी त्यांचे पाणी घोट्याएवढे असते, तर दुपारनंतर ते मोटारही अडवू शकते. म्हणून अशी ठिकाणे सकाळीच ओलांडावीत. हे रस्ते सीमा सडक संघटना १९६० पासून बांधत व राखत आली आहे. तिचे कामगार ज्या उंचीवर राबतात तेथे प्रवासी काही मिनिटेही उभा राहू शकत नाही, याचे स्मरण ठेवून त्यांच्या सूचनांचे पालन करावे.

सीमावर्ती भागातील प्रवेशाचे नियम व शुल्क वेळोवेळी बदलतात आणि सुरक्षेच्या कारणाने स्थळे अल्पावधीत बंद केली जातात. म्हणून निघण्यापूर्वी लेहच्या जिल्हा प्रशासनाकडून अद्ययावत माहिती घ्यावी, ओळखपत्रांच्या व वाहनाच्या कागदपत्रांच्या प्रती जवळ ठेवाव्यात आणि दूरध्वनीचा संपर्क दोन-दोन दिवस तुटेल असे गृहीत धरून घरच्यांना मुक्कामांची यादी देऊन ठेवावी.

सरोवरांवरील पाहुणे

त्सो मोरीरी हे ४,५२२ मीटर उंचीवरील सरोवर २००२ मध्ये, तर त्सो कर हे खाऱ्या व गोड्या पाण्याचे पाणथळ क्षेत्र २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. काळ्या मानेचा क्रौंच हा पक्षी भारतात केवळ लडाखमध्येच वीण करतो. २०२१ मध्ये त्याला या केंद्रशासित प्रदेशाचा पक्षी म्हणून मान देण्यात आला. आसपासच्या माळांवर कियांग ही रानगाढवे, तिबेटी लांडगे आणि बिळांतून डोकावणारे मारमॉट दिसतात. चांगपा हे भटके पशुपालक पश्मिना देणाऱ्या शेळ्या घेऊन याच कुरणांवर फिरतात.

महाराष्ट्रीय प्रवाशाला येथे काही जुने परिचितही भेटतात. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वर, जायकवाडी किंवा उजनीच्या जलाशयावर दिसणारे चक्रवाक आणि पट्टकादंब या जातींचे पक्षी उन्हाळ्यात लडाखच्या सरोवरांकाठी पिले वाढवितात. आपल्या तलावावरचा पाहुणा कोणत्या घरून येतो हे विद्यार्थ्यांना सांगू शकणारा शिक्षक या प्रवासातून पुष्कळ काही घेऊन परततो.

मात्र हे घर फार नाजूक आहे. या थंड व कोरड्या मातीत वनस्पतींची वाढ अतिशय मंद असते. रस्ता सोडून कुरणात घातलेल्या मोटारीच्या चाकोऱ्या वर्षानुवर्षे बुजत नाहीत. सरोवराकाठची ओलसर हिरवळ मोटार उभी करण्यास सोयीची वाटते. पण क्रौंचाचे घरटे अशाच पाणथळीत असते. कियांगांच्या कळपामागे वाहन धाडल्यास, ती जनावरे मैलोगणती धावत राहतात. मारमॉटना बिस्किटे खाऊ घालणे हा लाड नसून अपाय आहे. प्रवाशांनी व तळांनी टाकलेल्या उष्ट्यावर मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली आहे आणि ही कुत्री क्रौंचाची अंडी व पिले फस्त करतात. म्हणजे सरोवराकाठी फेकलेला डबा अखेरीस घरट्यापर्यंत पोहोचतो. आपला सर्व कचरा मोटारीतून लेहपर्यंत, शक्य तर त्याहीपुढे परत नेणे हा येथील पहिला शिष्टाचार होय.

पाणी, गाव आणि पाहुणचार

लडाखी खेड्यांत पाण्याचे वाटप करण्यासाठी ‘छुरपोन’ नेमण्याची जुनी प्रथा आहे. कोणाच्या शेताला कोणत्या क्रमाने व किती वेळ पाणी द्यावयाचे हे तो पाहतो. पाणी वाचावे म्हणून घरोघरी कोरडी शौचकूपे असत व त्यांतील खत शेतात जाई. पर्यटनाबरोबर वाहत्या पाण्याची न्हाणीघरे आली, विंधन विहिरी वाढल्या आणि लेहमध्ये सांडपाण्याचा प्रश्न उभा राहिला. वसंतातील पाणीटंचाईवर उपाय म्हणून अभियंता चेवांग नॉर्फेल यांनी कृत्रिम हिमनद्या उभारल्या. या कार्याबद्दल त्यांना २०१५ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. जेथे एकेक ओहोळ गोठवून साठविला जातो तेथे रोज दोन वेळा स्नानाचा आग्रह धरणारा पाहुणा यजमानाच्या शेताचेच पाणी वापरत असतो.

याला दुसरी बाजूही आहे. हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील गावांत या शतकाच्या आरंभापासून घरगुती निवासाची योजना रुजली. हिमबिबट्या गोठ्यातील मेंढ्या मारीत असे, म्हणून पूर्वी तो शत्रू मानला जाई. त्याला पाहण्यासाठी आलेले पाहुणे गावातल्या घरांतच उतरू लागले, गोठे जाळीने बंदिस्त करण्यात आले आणि उत्पन्नाचा काही भाग गावाच्या सामाईक कामाला मिळू लागला. तेव्हा जिवंत हिमबिबट्याचे मोल गावाला पटले. मोठ्या हॉटेलाऐवजी अशा घरी उतरणाऱ्या प्रवाशाला जवाची भाकरी व लोणीयुक्त मिठाचा चहा मिळतो आणि त्याचा पैसा गावात राहतो.

सह्याद्रीच्या कुशीतील, कोकण किनाऱ्यावरील आणि मेळघाट-ताडोबाच्या परिसरातील ग्रामपंचायतींना हा अनुभव विचार करण्याजोगा आहे. किती पाहुणे घ्यावयाचे, त्यांचे पाणी व कचरा यांची व्यवस्था कोणी करावयाची आणि उत्पन्न कोणाच्या घरी पोहोचावे, हे गावाने आधी ठरविले तर पर्यटन उपजीविका देते. न ठरविल्यास ते ओझे होऊन बसते.

दूरच्या प्रदेशाचा प्रवास आखताना म्हणून दोन प्रश्न प्रत्येक टप्प्याला विचारावेत : आपल्या शरीराला येथे येण्यास पुरेसा वेळ दिला काय, आणि येथून निघताना ही भूमी आली तशीच राहिली काय? दोहोंचे उत्तर होकारार्थी येण्यासाठी एकच गोष्ट लागते आणि ती म्हणजे सवड. चार आठवड्यांची सवड नसेल तर स्थळे कमी करावीत, दिवस कमी करू नयेत.